चौथ्या सेटची रेघ

१

रिसीव्हर तपासायचा तर आधी त्याची अँटेना काढावी लागते. आमच्या क्लबातल्या हौशी रेडिओवाल्यांना इतकं साधं कळत नाही. ते नवा सेट आणतात, हेडफोन चढवतात, डोळे मिटतात आणि पाच मिनिटांनी जाहीर करतात, "याचं ऐकणं जास्त मोकळं आहे." मोकळं म्हणजे किती, असं विचारलं की रागावतात. सदऱ्याच्या मापाबद्दल बोलावं तसं हे लोक यंत्राबद्दल बोलतात.

माझी पद्धत वेगळी. अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा एक रोध लावायचा. आम्ही त्याला डमी म्हणतो. अंगठ्याएवढी धातूची डबी, तिच्यातून काहीही येत नाही. सेटला बाहेरचं जग बंद होतं आणि उरते ती त्याची स्वतःची खरखर. ती किती, हे मोजायचं. मग एक बारीकसा सिग्नल द्यायचा आणि तो खरखरीतून कधी वर येतो ते बघायचं. शेवटी त्या बारीक सिग्नलच्या शेजारी एक दांडगा सिग्नल सोडायचा. दांडगा शेजारी असतानाही बारीक तसाच ऐकू आला, तर सेट चांगला. बाकी सगळी जाहिरात.

हे काम दोन माणसांचं आहे. एकाचे दोन्ही हात बटणांवर, दुसऱ्याची नजर मीटरवर. सतरा वर्षं मीटर माझ्या बायकोने वाचला. ती शाळेत भूगोल शिकवायची. रेडिओतलं तिला काही कळत नव्हतं, कळून घ्यायची हौसही नव्हती. मांडीवर वही घेऊन बसायची आणि आकडा म्हणायची.

"उणे एकशे तीस. लिहू?"

"लिहू काय विचारतेस? लिही."

असं आमचं चालायचं. एकदा ती म्हणाली, "अहो, हा सेट जरा बिचकल्यासारखा ऐकतो, नाही?"

मी म्हटलं, "हो का."

त्यानंतर सेटबद्दल ती कधी काही बोलली नाही. आकडे मात्र शेवटपर्यंत बिनचूक वाचले.

तिला जाऊन दहा महिने झाले.

२

क्लबाच्या अंकासाठी चार सेटची तुलना मी करून द्यावी असं ठरलं होतं. पहिला माझाच जुना, दुसरा आणि तिसरा सभासदांचे, चौथा दातांच्या डॉक्टरचा. या डॉक्टरला मी मनातल्या मनात कानसेन म्हणतो. आयुष्यभर लोकांच्या तोंडात यंत्र फिरवून कानाचे पडदे झिजलेले, तरी ऐकण्याबद्दलचा अधिकार मोठा. रविवारी तो स्वतः सेट घेऊन आला. लहान मुलाला झोपेतून उचलून आणावं तसा धरला होता.

"सर, मोजा तुम्ही खुशाल," तो म्हणाला. "पण आकड्यात न मावणारं काही यात आहे, ते कसं मोजणार?"

"जे मावत नाही ते तुम्ही तुमच्याकडेच ठेवा, डॉक्टर. मला फक्त सेट द्या."

तो हसला. माझं बोलणं लोक विनोद म्हणून घेतात. त्यांची ती सोय मी मोडत नाही.

"वहिनी नाहीत, मग आकडे कोण वाचणार?" त्याने जाता जाता विचारलं. दुःखात सहभागी व्हायला येणाऱ्या माणसांइतकी बेसावध माणसं दुसरीकडे सापडत नाहीत.

आकडे वाचायला मी यंत्र लावलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेने भंगारात काढलेलं, रुंद कागदाची गुंडाळी हळूहळू पुढे सरकवणारं. वर एक पेन असतं. मीटरचा काटा हलेल तसं ते हलतं आणि रेघ काढत जातं. बाजूला वेळेच्या खुणा पडतात. हात मोकळे नसल्यामुळे माझे शेरे मी मोठ्याने बोलायचो. सदऱ्याच्या खिशात एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर चालू असायचा. तोही वेळ नोंदवायचा. संध्याकाळी रेघ आणि आवाज शेजारी ठेवून तक्ता भरायचा. बायकोपेक्षा हे जास्त अचूक होतं. तसं मी एक-दोघांना बोलूनही दाखवलं होतं.

त्याच रविवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. दोन महिन्यांनी नवऱ्याबरोबर कायमची लांब जायची होती.

"शनिवारी येते, बाबा. आईचे कपडे लावून द्यायचेत. आणि एक विचारायचंय."

"आत्ताच विचार ना."

"नाही, समोर. आणि या वेळी नीट बोलणार असाल तरच. नाहीतर कपड्यांची पेटी पार्सलने पाठवा, मी येत नाही."

"मी वाईट कधी बोलतो?"

"आई होती तेव्हा आई मधे उभी असायची," ती म्हणाली. "आता मधे कोणी नाही. एवढंच लक्षात ठेवा."

ती काय विचारणार हे मला कळलं होतं. हो म्हणायचं, हेही ठरलं होतं. या घरात भांड्यांचा आवाज फक्त माझ्याच हातून होतो, आणि तो मला सहन होत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

३

सोमवारी सकाळी पहिला सेट लावला. डमी जोडली, पेन टेकवलं, दार लावलं. खरखरीची रेघ सरळ असते. बारीक थरथरणारी, पण सरळ. तासाभराची घ्यायची आणि सरासरी काढायची.

संध्याकाळी कागद उलगडला तर रेघेवर उंचवटे होते.

ते कसे पडतात ते सांगतो. प्रत्येक चांगल्या सेटमध्ये एक सोय असते. मोठा आवाज आला की सेट आपला कान आपणच थोडा मिटून घेतो, म्हणजे ऐकणाऱ्याचे कान फुटत नाहीत. माझं पेन तो कान किती मिटला हे लिहीत होतं. उंचवटा म्हणजे काहीतरी मोठं आलं. पण आवाज तर काहीच आला नव्हता. मी तिथेच बसलो होतो. खरखर उलट मधेमधे दबत होती, इतकंच.

डमी लावलेल्या सेटमध्ये काही येत नाही. येतंय म्हणजे कुठूनतरी गळतंय. मंगळवारी मी घरातली वीज मुख्य बटणावर बंद केली आणि सेट आणि पेनचं यंत्र बॅटरीवर चालवलं. फ्रिज बंद, मोबाइल बंद करून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. डमी बदलली. केबल बदलली. उंचवटे तसेच.

मग रेकॉर्डर लावून ऐकला आणि जीव भांड्यात पडला. माझ्या बोलण्याचे आणि उंचवट्यांचे आकार एक होते. "ही केबल कोणी गाढवाने बनवली आहे," असं मी म्हणालो होतो, तिथे तसाच लांब उंचवटा, "केबल"नंतर तसाच किंचित खड्डा. म्हणजे सेटमधला एखादा भाग सैल आहे, माझ्या आवाजाने थरथरतो आणि खोटा सिग्नल तयार होतो. जुन्या सेटमध्ये हे होतं. अशा वेळी पेन्सिलीने पेटीवर टकटक करायची, पेन उडतं, दोष सापडतो.

मी टकटक केली. पेन्सिलीने, मग बोटांनी, मग मुठीने. पेन हललं नाही.

मग वेळेच्या खुणा जुळवल्या. उंचवटा माझ्या वाक्याबरोबर नव्हता. दोन सेकंद आधी होता.

४

पहिला निष्कर्ष असा काढला की दोन घड्याळं जुळत नाहीत. कोणताही शहाणा माणूस हाच काढेल. मी दोन्ही घड्याळं एकाच घंटीवर जुळवली. फरक शून्य आला. मग दुसरा सेट लावला आणि बोलत राहिलो. सभासदांबद्दल बोललो. विषय संपत नव्हता.

अकरा सेकंद आधी.

तिसऱ्या सेटला पावणेचार मिनिटं.

मी हे तक्त्यात लिहिलं. शेवटच्या रकान्याला नाव दिलं नाही. पण सवय जात नाही, म्हणून बाकीच्या रकान्यांशी ताडून बघितलं. खरखर जितकी कमी, दांडग्याशेजारी बारीक ऐकण्याची ताकद जितकी जास्त, तितका हा आकडा मोठा. इतका सुबक संबंध माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्या तक्त्यात आला नव्हता. विद्यार्थ्याने आणला असता तर मी म्हटलं असतं की घरी बसून भरलाय.

जेवताना एक गोष्ट लक्षात आली. पावणेचार मिनिटांपूर्वी ते वाक्य माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मधे क्लबाचा चिटणीस दारात येऊन गेला होता आणि वाक्य त्याच्याबद्दल होतं.

मी ताट अर्धं तसंच ठेवलं. मग स्वतःलाच म्हणालो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांमध्ये आणि तुझ्यात आता काय फरक राहिला? हे वाक्य बरं होतं. त्यावर झोप लागली.

५

बुधवारी चौथा सेट लावताना मी ठरवलं, आज बोलायचंच नाही. आवाज नाही तर उंचवटा नाही, आणि मग सगळा दोष माझ्या बोलण्याचा. शेरे कागदावर लिहिले. फोन डब्यातच ठेवला. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत या घरात एक शब्द झाला नाही. तशी नवी गोष्ट नव्हती.

दहा पंचविसाला पेन उठलं. आखूड, आखूड, लांब. मग थोडं थांबून पुन्हा. दीड मिनिट हे चाललं. नंतर दिवसभर तुरळक.

मला आनंद झाला. मी गप्प असताना पेन हलतंय, म्हणजे माझ्या आवाजाचा संबंध नाही. शेजाऱ्याचं एखादं यंत्र असेल. कानसेनचा सेट खर्चीक आणि गळका आहे असं लिहायला मिळणार होतं.

गुरुवारी पावणेदहाला दाराची घंटी वाजली. विजेचं मीटर वाचणारा होता. बाहेरच्या पेटीचं झाकण गंजून बसलं होतं, त्याच्याच्याने उघडत नव्हतं.

"काका, तुम्ही घरातली वीज बंद-चालू करता का सारखी?" त्याने विचारलं. "आकडा फार कमी दिसतोय."

"हो का?" मी म्हटलं. "कमी दिसतोय म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच."

"तक्रार नाही, काका. मीटर अडकलंय का बघायला नको?"

"मीटर अडकत नाही. वाचणारा अडकतो."

तो हसला नाही. खाली मान घालून आकडा लिहिला आणि गेला. दार लावताना मला जाणवलं की आखूड, आखूड, लांब हे मी कुठेतरी बघितलंय.

आत जाऊन बुधवारचा कागद जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसलो, रेकॉर्डर कानाशी धरला. हो, का, मग लांब. थांबणं. आखूड, मग त्याहून लांब. जिथे तो माणूस बोलत होता तिथे कागदावर सरळ रेघ होती. फक्त मी.

तेवीस तास वीस मिनिटं.

मी त्या कागदावर किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. भीती वाटली असं म्हणणं बरोबर नाही. मला लाज वाटली. माझं सगळं बोलणं असं उंचवट्यांनी समोर मांडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. अर्थ काढून घेतल्यावर त्यात एकच आकार उरतो. आधी दोन आखूड ठोके, मग थोडं थांबणं, समोरच्याला सावध व्हायला पुरेल इतकंच, आणि मग लांब. सतरा वर्षं हे कोणीतरी शेजारी बसून ऐकलं होतं.

६

शुक्रवारी सकाळी अकरापासून मी यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलो. मुलगी शनिवारी साडेदहा-अकराला येणार होती.

पेन बारा दहाला उठलं. म्हणजे शनिवारी साडेअकरा. गाडीला उशीर होणार तर, मी मनात म्हटलं.

पहिला उंचवटा एकाच ठोक्याचा. मग मध्यम. मग बराच वेळ सरळ, ती बोलत असणार. मग आखूड. मी कागदाच्या कडेला क्रमांक टाकत गेलो. पंधरापर्यंत काही वावगं नव्हतं. लहान, सौम्य, मधे भरपूर जागा. मला बरं वाटलं. वाटलं, उद्या मी माणसासारखा वागणार आहे.

सोळावा बारा एकतीसला. दोन आखूड ठोके. थांबणं. मग पेन वर गेलं आणि वरच्या कडेला जाऊन आदळलं. नऊ सेकंद तिथेच थरथरत राहिलं. खरखर इतकी दबली की खोलीत बाहेरच्या रस्त्यावरची पावलं ऐकू आली.

मग ते खाली आलं. त्यानंतर सरळ रेघ. एक वाजता सरळ, तीन वाजता सरळ, रात्री नऊला गुंडाळी संपली तोवर सरळ. इतकी सरळ रेघ मी या सेटची आधी घेतली असती तर फार खूश झालो असतो.

तिचा अर्थ दोनच प्रकारे लागत होता. सोळाव्या वाक्यानंतर माझं काहीतरी बरंवाईट होतं, किंवा बोलायला कोणी उरत नाही. पहिल्याची मला फारशी पर्वा नव्हती.

पण मी मोजणारा माणूस आहे. कागदावर फक्त आकार होता, शब्द नव्हते. दोन ठोक्यांमध्ये "हो का" मावतं, तसं "येतो" पण मावतं. आणि नऊ सेकंद पुष्कळ होतात. तिच्या आईबद्दल जे सांगायचं राहिलं होतं ते नऊ सेकंदांत नक्की बसेल. मी घड्याळ घेऊन, ओठ न उघडता, सराव केला. पहिल्यांदा चौदा सेकंद लागले. काटछाट केली. शेवटी ते असं झालं: "तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त ऐकू यायचं. मला ते ठाऊक होतं. मी तिला कधीच तसं म्हणालो नाही." बरोबर नऊ.

बावन्न वर्षांचा माणूस मुलीशी बोलण्यासाठी घड्याळ लावून पाठांतर करतो, याच्यावर दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर मी वर्षभर हसलो असतो.

७

ती साडेअकराला आली. दार उघडंच होतं.

"ये," मी म्हणालो. एक ठोका.

तिने बॅग ठेवली, पायातलं काढलं, घराकडे एकदा नजर टाकली. आईसारखीच बघते, काही बोलायच्या आधी सगळं मोजून.

"गाडी तासभर उभी होती मधे. तुम्हाला फोन करत होते, बंदच."

"डब्यात राहिला होता."

"डब्यात? कुठल्या?"

"बिस्किटांच्या."

ती हसली. रेघेच्या कागदाचा तुकडा माझ्या खिशात होता आणि सगळं जुळत होतं. मी चहा टाकला, तो तिने प्यायला. आम्ही कपडे लावले. आईचा निळा स्वेटर तिने नाकाशी धरला आणि पेटीत न ठेवता स्वतःच्या बॅगेत ठेवला. मी ते बघितलं नाही असं दाखवलं. मधेच ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?"

"का गं?"

"वीस मिनिटं झाली, अजून कोणाला नावं ठेवली नाहीत. दातांचे डॉक्टर गेले की काय?"

"आहेत. दात काढतायत लोकांचे."

हे चौदावं आणि पंधरावं.

मग ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. तिच्यामागे भिंतीला काचेच्या दारांचं कपाट आहे. माझ्या पाठीमागे आतल्या खोलीचं दार, तिथे चारही सेट मांडलेले, माझा जुना चालूच.

"आता विचारते," ती म्हणाली. "घर मोठं आहे तिकडचं. एक खोली तुमची. तुमचं सगळं सामान आलं तरी चालेल, तुमच्या जावयाने या फळ्या मावतील का तेसुद्धा मोजून ठेवलंय. याल का आमच्याकडे? एकदाच विचारणार, बाबा. आईसारखं दहा वेळा विचारायला मला नाही जमत."

मी घड्याळाकडे बघितलं. सोळाव्याला अजून बारा सेकंद होते.

"येतो" माझ्या जिभेवर होतं. तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. पण आयुष्यभर खुणेवर काटा येईपर्यंत हात न हलवण्याची सवय, आणि त्यात ही खूण चुकली तर काय होईल कोण जाणे. मी बारा सेकंद थांबलो. मुलीने एवढं विचारलं आणि मी घड्याळ बघत बसलो.

काटा खुणेवर आला. मी तोंड उघडणार, तोच तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून उचलली गेली. थोडी वर. माझ्या डोक्याच्या वर, उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं इतकी.

ती ऐकत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, मग ते कुठे ठेवावं हे तिला कळेनासं झालं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. आतली खरखर तेवढी थांबली होती. मी समोर कपाटाच्या काचेत बघितलं. तिची पाठ दिसत होती. माझी खुर्ची दिसत होती, खुर्चीत मी, तोंड अर्धवट उघडं. आणि खुर्चीच्या पाठीवर, माझ्या खांद्याशेजारी, एक हात आरामात टेकलेला. त्याच्या बाहीचा काठ उसवलेला होता. मी माझ्या बाहीकडे बघितलं. तोच काठ, तसाच उसवलेला.

मी मागे वळलो नाही. कपाटाकडे पुन्हा बघितलं तेव्हा फक्त आम्ही दोघं होतो.

नऊ सेकंद झाले असावेत.

"ऐकलं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मला काय म्हणायचं ते म्हणा. पण आई शेवटच्या आठवड्यात सलाइन लावलेल्या हाताने तुमचे आकडे लिहीत होती. आणि तुम्ही तिच्याबद्दल हे म्हणता."

"येतो," मी म्हणालो.

ती उठली.

"अगं, येतो म्हणतोय मी. ऐक ना."

तिने बॅग उचलली. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो तर तिने मला बाजूला केलं, न बघता, गर्दीत करतात तसं. मी बोलत होतो. जे नऊ सेकंदांत बसवलं होतं ते सगळं बोललो, मग जे बसलं नव्हतं तेही. ती पायांत चपला घालत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"आता गप्प का?" दारातून ती म्हणाली. "संपलं वाटतं सगळं एकदाचं."

८

दुपारी रेकॉर्डर काढून बसलो. सुरुवातीपासून लावला. माझं "ये" होतं, बिस्किटांचा डबा होता, दातांच्या डॉक्टरवरचं हसणं होतं. तिचा प्रश्न होता. त्यानंतर बारा सेकंद खोलीचा नुसता आवाज. मग माझ्या आवाजात, अगदी माझ्याच, जरा कंटाळलेल्या, दोन अक्षरं.

मी तो तिथे बंद केला. पुढचं ऐकलेलं नाही. ऐकणार नाही. कानसेनला हे कळलं तर तो म्हणेल, मोजा ना, सर.

संध्याकाळी सातला फोन वाजला. तिचं नाव दिसलं. मी पहिल्याच घंटीला उचलला.

"मी आहे," मी म्हणालो. "बोल, बाळा."

पलीकडे स्टेशनासारखा गलका होता. ती दूर कुठेतरी जाऊन उभी राहिली असावी, कारण तो कमी झाला.

"बाबा?"

"हो. ऐकतोय. तू जे ऐकलंस ते मी बोललो नाही."

"बाबा, आहात ना? मी गाडीत बसले नाही अजून. सारखं वाटतंय, आपल्याला भास झाला. तुमचे ओठसुद्धा हलत नव्हते, बाबा. मी वेडी नाहीये ना?"

"नाहीयेस. अजिबात नाहीयेस. मी नव्हतो तो."

"तुम्ही असलं आईबद्दल बोलणार नाही. टोमणे वेगळे. हे तुम्ही नाही बोलणार. मला एवढंच हवंय. नाही म्हणा, मी आत्ता परत येते."

"नाही," मी म्हणालो. "नाही. नाही म्हणालो मी." मी खिडकी उघडून म्हणालो, फोन तोंडाला टेकवून म्हणालो. रस्त्यावरून दोन माणसं जात होती, त्यांनी वर बघितलं नाही. माझा घसा दुखायला लागला होता.

ती थांबली. तिच्यामागे गाडीची सूचना झाली, मग पुन्हा झाली. ती तरीही थांबली होती. तिचा श्वास मला स्वच्छ ऐकू येत होता.

"एक शब्द, बाबा," ती म्हणाली. "निदान तेवढा तरी."